पॉसेनियसची बधिर बोटं: रोममधली एक जुनी केस

पेशंटचं नाव पॉसेनियस. मूळचा सीरियाचा, व्यवसायाने सोफिस्ट, म्हणजे लोकांसमोर भाषणं करायची आणि मोठ्या घरच्या पोरांना वक्तृत्व शिकवायचं, त्या काळात या लोकांना चांगलाच मान होता. (त्याच शतकात ग्रीस फिरून प्रवासवर्णन लिहिणारा एक पॉसेनियस आहे, तो वेगळा, गल्लत नको.) काळ इ.स.च्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. तक्रार अशी की एका हाताची करंगळी, तिच्या शेजारची अनामिका आणि मधल्या बोटाची अर्धी बाजू बधिर झालीय. आधी स्पर्श नीट कळेना, मग हळूहळू कळायचाच बंद झाला. गंमत म्हणजे बोटं हलत होती, वाकत होती, पकड होती, फक्त स्पर्श गेला होता. महिनाभर उपचार चालू होते, डॉक्टर बोटांना औषधी लेप लावत होते आणि फरक शून्य.

ही केस गॅलेनने स्वतः लिहून ठेवलीय. कुठला अवयव बिघडलाय ते बाहेरच्या लक्षणांवरून कसं ओळखायचं यावर त्याचा सहा भागांचा मोठा ग्रंथ आहे, त्याच्या पहिल्या भागात ही गोष्ट पेशंटचं नाव न घेता येते आणि तिसऱ्या भागात परत येते तेव्हा नावासकट येते. मी फिजिओथेरपीच्या पोरांना शिकवते, आणि मानेच्या नसा शिकवायला बसले की पहिली केस हीच सांगते, कारण आजच्या ओपीडीत रोज येणारा पेशंट आणि हा पॉसेनियस यांच्यात तक्रारीपुरता काहीही फरक नाही. "मॅडम, करंगळीला मुंग्या येतात, मलम लावून बघितलं, उपयोग नाही." हे वाक्य आठवड्यात कितीदा ऐकावं लागतं त्याला हिशोब नाही.

आता हा गॅलेन कोण ते थोडक्यात. जन्म इ.स. १२९, पर्गामॉन शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात. वडील नायकॉन आर्किटेक्ट होते, पैशाची ददात नव्हती, त्यामुळे शिक्षण भरपूर झालं. स्मर्ना, कॉरिंथ, अलेक्झांड्रिया असं फिरत फिरत शिकला. अलेक्झांड्रियाचं महत्त्व एवढ्यासाठी की तिथे माणसाच्या खऱ्या हाडांवरून शिकवायचे, आणि गॅलेन पुढे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचा की बाकी काही नाही तरी निदान हाडं बघायला तरी अलेक्झांड्रियाला जा. १५७ मध्ये तो पर्गामॉनला परत आला तर तिथल्या ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यात शस्त्रं घेऊन लढणाऱ्यांचा, डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. तुटलेले स्नायू, उघड्या पडलेल्या शिरा, खोल जखमा, हे सगळं त्याने काही वर्षं रोज हाताळलं. १६२ मध्ये रोमला आला, आणि पुढे मार्कस ऑरेलियस बादशहापर्यंत त्याची प्रॅक्टिस पोचली.

रोममध्ये त्यावेळी डॉक्टरकीला ना लायसन्स ना परीक्षा. कोणीही उठावं आणि दुकान थाटावं. त्यातून डॉक्टरांचे पंथ होते आणि ते एकमेकांशी कडाकडा भांडायचे. एक पंथ अनुभववाद्यांचा, त्यांचं म्हणणं की कारणं खोदत बसू नका, कुठल्या आजाराला कुठलं औषध लागू पडलं ते लक्षात ठेवा आणि तेच द्या, शरीर चिरून आत बघण्यात काही अर्थ नाही. दुसरा पंथ मेथडिस्टांचा, त्यांच्या मते शरीराच्या अवस्था मोजून दोन-तीनच, एकतर सगळं आवळलेलं, नाहीतर सैल सुटलेलं, नाहीतर दोन्हीची सरमिसळ, आणि उपचार त्याच्या उलट. थेसेलस नावाचा त्यांचा एक पुढारी तर सांगायचा की सहा महिन्यांत डॉक्टर करून दाखवतो. गॅलेनचा या सहा महिन्यांवर इतका राग की त्याच्या लिखाणात हा विषय परत परत येतो. मला तो राग पूर्ण पटतो. ज्याला नस कुठून कुठे जाते हेच माहीत नाही तो बोट बधिर झालं की बोटावरच लेप लावणार, दुसरं करणार तरी काय, त्याच्या डोक्यात बोटाच्या पलीकडे काही नाहीच.

पण या केसमध्ये गॅलेनने पहिली गोष्ट जी केली ती नीट बघण्यासारखी आहे. त्याने आधीच्या डॉक्टरला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुम्ही काय काय औषधं लावलीत? यादी ऐकली तर औषधं बरोबर होती. म्हणजे अशा तक्रारीला जी द्यायला हवीत तीच दिलेली. इथे त्याला सहज म्हणता आलं असतं की आधीचा डॉक्टर बिनकामाचा, मी माझं औषध देतो. (गॅलेन हे इतर ठिकाणी पुष्कळदा म्हणतो, तोंडाचा फार तिखट माणूस.) इथे मात्र त्याने उलटा विचार केला, की औषध बरोबर आहे, दिवसही भरपूर झालेत, तरी गुण नाही, म्हणजे औषधात चूक नाही, मग चूक दुसरीकडे कुठेतरी असली पाहिजे. ही पायरी फार लोक गाळतात. आजसुद्धा एक गोळी चालली नाही की दुसरी, दुसरी नाही की तिसरी, पण आपण औषध लावतोय ती जागा तरी बरोबर आहे का हा प्रश्न कोणी विचारत नाही. नळाला पाणी येत नाही म्हणून नळ बदलत बसायचं आणि वरच्या टाकीकडे बघायचंच नाही, तसला प्रकार.

मग तो पेशंटकडे वळला. विचारलं, हे सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं? सूज आली होती का, गारठा लागला होता का, मार लागला होता का? पॉसेनियस म्हणाला, नाही, यातलं काही नाही, हळूहळू आपोआपच बोटांची जाणीव कमी होत गेली.

इथे केस बंद झाली असती. हिस्टरी घेतली, मार नाही, सूज नाही, लिहून टाका "कारण अज्ञात". पण गॅलेनला ते पटेना, आणि त्याने परत विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना प्रश्न बदलला. हाताचं सोडा, वर कुठे, अंगाच्या वरच्या भागात कुठे मार लागला होता का? तेव्हा पॉसेनियसला आठवलं. हाताला काही लागलं नव्हतं, पण पाठीला वरच्या बाजूला, मान संपून पाठ सुरू होते तिथे, लागलं होतं. कधी? कसं? तर रोमला येताना प्रवासात गाडीतून पडलो होतो. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बोटांचं हे सुरू झालं.

पेशंट खोटं बोलत नव्हता हे लक्षात घ्या. त्याच्या दृष्टीने पाठीचा मार आणि बोटांचा बधिरपणा यांचा संबंधच नाही. पाठीचं दुखणं बरं होऊन गेलेलं, ते तो कशाला सांगेल? माणूस डॉक्टरला तेच सांगतो जे त्याला स्वतःला संबंधित वाटतं, आणि काय संबंधित आहे हे त्याला ठरवता येत नाही म्हणून तर तो डॉक्टरकडे येतो. म्हणजे तो दुसरा प्रश्न डॉक्टरनेच विचारायला हवा. आणि तो प्रश्न नुसत्या चिकाटीने सुचत नाही. दहा वेळा "मार लागला होता का" विचारलं असतं तर दहा वेळा "नाही" आलं असतं. "वर कुठे लागलं होतं का" हे त्यालाच सुचतं ज्याला माहीत आहे की करंगळीची नस वरून मानेतून येते. मला या अख्ख्या केसमध्ये सगळ्यात जास्त मोलाची गोष्ट हीच वाटते, की शरीररचनेचं ज्ञान इथे उपचारात कामाला यायच्या आधी प्रश्न विचारायच्या कामाला आलं.

आता त्याचं अनुमान बघू. गॅलेनने ठरवलं की मानेच्या सातव्या मणक्याच्या खालून जी नस बाहेर पडते तिच्या सुरुवातीलाच, त्या पडण्यामुळे, सूज आली असणार आणि पुढे ती सूज कडक होऊन बसली असणार. का, तर मानेतून निघणाऱ्या नसांपैकी सगळ्यात खालच्या नसेचा भाग हातातून उतरत करंगळी आणि अनामिकेच्या कातडीत पसरतो आणि मधल्या बोटाच्या अर्ध्या भागापर्यंत जातो, हे त्याला चिरफाड करून करून पाठ होतं.

तुम्ही स्वतः करून बघा. मान खाली वाकवा आणि मानेच्या मागे, मधोमध, खालच्या बाजूला बोट फिरवा. एक हाड ठळक वर आलेलं हाताला लागतं, शर्टाची कॉलर जिथे टेकते साधारण तिथे. तो सातवा मणका. (काही जणांत त्याच्या खालचा, म्हणजे पाठीचा पहिला मणका जास्त वर असतो, मग मान डावीउजवीकडे वळवून बघायचं, सातवा बऱ्यापैकी हलतो, खालचा जवळजवळ हलत नाही.) मानेत मणके सात असले तरी नसांच्या जोड्या आठ आहेत, आणि आठवी, जिला आपण सी-८ म्हणतो, ती या सातव्याच्या खालून बाहेर पडते. पॉसेनियसला लागलं ते याच भागात.

आणि ते अर्धं बोट! बाकीच्या डॉक्टरांना सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट तीच होती. दोन बोटं बधिर, ठीक आहे, पण तिसरं अर्धंच कसं? आजार बोटाचा असता तर अख्खं बोट जायला हवं होतं. एकाच बोटाला लांबीत उभी रेघ मारावी तसं एका बाजूला जाणीव आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. इतरांसाठी ही नडणारी, कुठेच न बसणारी गोष्ट होती, आणि गॅलेन म्हणतो की मला खात्री पटली ती यानेच, कारण नस बोटं मोजून पसरत नाही, तिला तिची स्वतःची हद्द असते आणि ती हद्द मधल्या बोटाच्या मध्यावर येऊन थांबते. कातडीवरच्या बधिर भागाचा आकार बघून वर कुठली नस अडकलीय ते ओळखायचं, हेच आजचे न्यूरॉलॉजिस्ट करतात, हातात कापूस आणि टाचणी घेऊन.

मग त्याने बोटांवरचे लेप काढायला लावले आणि औषध पाठीच्या कण्याच्या त्या जागी लावलं. नवीन काही आणलं नाही, तीच औषधं, फक्त जागा बदलली. आणि बोटं बरी झाली. बघणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला, की पाठीला लावलेल्या औषधाने हाताची बोटं कशी बरी होतात. असे लेप त्या काळी मेण, तेल, चरबी, डिंकासारखे चीक यात औषधं घोटून करायचे आणि कापडावर थापून कातडीला चिकटवायचे.

लगेच डॉक्टरांमध्ये वाद पेटला, आणि तो वाद मला केसइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रश्न असा की नस जर बिघडली असेल तर स्पर्श गेला आणि हालचाल शाबूत कशी? उलट काही पेशंटमध्ये हालचाल जाते आणि स्पर्श राहतो, ते कसं? गॅलेनचं उत्तर असं की कातडीला जाणाऱ्या नसा वेगळ्या आणि स्नायूंना हलवणाऱ्या नसा वेगळ्या, पहिल्या बिघडल्या तर स्पर्श जातो, दुसऱ्या बिघडल्या तर हालचाल. हे त्याच्या पदरचं नव्हतं. त्याच्या आधी चारशे-साडेचारशे वर्षं, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियात हीरॉफिलस आणि इरॅसिस्ट्रेटस यांनी माणसांची शरीरं उघडून नसा शोधल्या होत्या आणि जाणिवेच्या नसा आणि हालचालीच्या नसा असा भेद केला होता. त्यांचे मूळ ग्रंथ गेले, आपल्याला जे कळतं ते बरंचसं गॅलेनसारख्या लोकांनी उल्लेख केले म्हणून. मज्जारज्जूतून निघतानाच पुढचं मूळ हालचालीचं आणि मागचं मूळ जाणिवेचं असतं हे पक्कं सिद्ध व्हायला मात्र १९ वं शतक उजाडलं, १८११ मध्ये चार्ल्स बेल आणि १८२२ मध्ये फ्रान्सचा माझांदी. रोममध्ये पॉसेनियसच्या बोटांवरून डॉक्टर जे भांडत होते त्याचा शेवटचा निकाल तिथे लागला.

आता प्रश्न येतो की गॅलेनला हे सगळं माहीत कुठून? रोममध्ये माणसाचं प्रेत चिरायची पद्धत नव्हती. त्याने माणसाचा सांगाडा बघितला होता, एकदा पुराने थडगं फोडून वाहून आणलेला, एकदा वाटेवर मारल्या गेलेल्या दरोडेखोराचा, पक्ष्यांनी मांस खाऊन साफ केलेला. पण नसा आणि स्नायू तो शिकला जनावरांवर, मुख्यतः बार्बरी माकडं, डुकरं, बकऱ्या, बैल. माकडाचा हात माणसाच्या हाताच्या बराच जवळचा, म्हणून हाताच्या नसांचं त्याचं वर्णन इतकं जमलं. जिथे जनावर आणि माणूस वेगळे तिथे तो फसलाही, आणि त्या चुका पुढे १६ व्या शतकापर्यंत कोणी फारशा तपासल्या नाहीत.

मज्जारज्जूवर तर त्याने पद्धतशीर प्रयोग केले. जिवंत डुकराच्या पिल्लाचा कणा उघडायचा आणि मज्जारज्जू एकेका मणक्याखाली कापून बघायचा की काय काय बंद पडतं. अगदी वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी कापला तर जनावर जागच्या जागी मरतं. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे कापला तर श्वास थांबतो. सहाव्याच्या खाली कापला तर छातीचे स्नायू जातात पण छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा पडदा चालू राहतो, जनावर पोटाने श्वास घेत राहतं. आणखी खाली कापला तर पाय जातात. मधोमध उभा चिरला तर लकवा होत नाही, पण आडवा एका बाजूने अर्धा कापला तर त्याच बाजूचं अंग लुळं पडतं. वाचताना अंगावर काटा येतो, जनावरं शुद्धीवर असायची, भूल नव्हती, आणि हे सोडून देऊन त्या ज्ञानाचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही. पण हेही खरं की कण्याच्या कुठल्या पातळीवर कशाचा ताबा आहे हे असं पायरी पायरीने त्याच्याआधी कोणी लिहून ठेवल्याचं सापडत नाही, आणि पॉसेनियसला "वर कुठे लागलं होतं का" हा प्रश्न याच्यातूनच आला.

डुकराचाच दुसरा प्रयोग तर तो रोममध्ये लोकांसमोर करून दाखवायचा. ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातल्या दोन बारीक नसा दोऱ्याने आवळायच्या, डुक्कर तडफडतंय पण आवाज बंद. दोरा सोडला की परत आवाज. या नसा मेंदूकडून निघतात, खाली छातीत उतरतात आणि वळसा घेऊन परत वर स्वरयंत्राकडे येतात. त्या काळी हृदयातूनच सगळा ताबा चालतो असं मानणारे मोठमोठे तत्त्वज्ञ होते, त्यांच्यासमोर त्याने हे दाखवलं.

आणि याला जोडून त्याच ग्रंथात एका मुलाची केस येते, ती पॉसेनियसच्या केसचीच दुसरी बाजू आहे. मुलाच्या मानेत खोलवर गाठी होत्या. शस्त्रक्रिया करणाऱ्याने रक्तस्रावाला घाबरून खोल भागात सुरी न वापरता नखांनीच गाठी उचकटून काढल्या आणि त्यात नकळत त्याच वळसा घेणाऱ्या नसा तुटल्या. गाठी गेल्या, मूल वाचलं, आवाज कायमचा गेला. लोकांना कळेना, घशाला तर हातही लावला नव्हता. आजही थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये सर्जन जिला जिवापाड जपतो ती हीच नस, आणि ऑपरेशनच्या आधी आवाज बसण्याची शक्यता सांगून पेशंटची सही घेतात ती हिच्यामुळेच. पॉसेनियसचं दुखणं जिथे दिसत होतं तिथे नव्हतं, आणि या मुलाच्या बाबतीत जिथे काम चाललं होतं तिथलं नुकसान दुसरीकडे दिसलं. दोन्हीकडे मधला दुवा म्हणजे नसेचा रस्ता.

आता आजच्या नजरेने ही केस तपासू, कारण नुसतं वाहवा करून सोडली तर पोरांचं नुकसान होतं.

करंगळीचा बधिरपणा घेऊन पेशंट आला की आज आपल्या डोक्यात पहिल्यांदा दोन जागा येतात. एक कोपर, जिथे अल्नर नर्व्ह हाडामागच्या खोबणीतून जाते, कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती हीच. दुसरी मान, सी-८ चं मूळ. फरक करायची एक ठरलेली युक्ती आहे. अल्नर नर्व्हची तळहाताकडची हद्द अनामिकेच्या मधून जाते, म्हणजे करंगळी पूर्ण आणि अनामिका अर्धी. सी-८ ची हद्द त्याच्या पुढे, अनामिका बहुतेक पूर्ण घेते, कधी मधल्या बोटापर्यंतही जाते, आणि मनगटाच्या वर हाताच्या आतल्या बाजूलाही जाणीव कमी होते. पॉसेनियसची अनामिका पूर्ण गेली होती आणि मधलं बोट अर्धं, म्हणजे चित्र मानेकडेच बोट दाखवतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, हाताच्या मागच्या बाजूला अल्नरची हद्द काही लोकांत मधल्या बोटापर्यंत पोचते, नसांच्या हद्दी माणसागणिक थोड्या इकडेतिकडे असतात. म्हणून नुसत्या अर्ध्या बोटावर निदान ठोकलं असतं तर ते कच्चं राहिलं असतं. अर्धं बोट आणि गाडीतून पडण्याची हिस्टरी, दोन्ही एकत्र आल्यावर ते पक्कं झालं, आणि गॅलेननेही दोन्ही एकत्रच वापरलं.

हालचाल पूर्ण शाबूत होती हे मात्र मला जरा खटकतं. सी-८ ला चांगलाच दणका बसला असेल तर बोटं मिटायची ताकद आणि हाताच्या आतल्या बारीक स्नायूंची ताकद कमी व्हायला हवी. आपण आज बोटांमधे कागद धरायला सांगून ओढून बघतो, अंगठ्याची पकड बघतो, दोन्ही हातांची तुलना करतो, पकडीची ताकद मोजणाऱ्या डायनामोमीटरने आकडा घेतो. इतकी बारीक तपासणी त्याच्या वर्णनात येत नाही, म्हणजे थोडी ताकद कमी असूनही ती निसटली असेल हे शक्य आहे. किंवा मुळाचा मागचा, जाणिवेचा भागच जास्त दुखावला असेल, तेही होतं. दुखापत अर्धवट असली की असंच चित्र दिसतं.

उपचाराचं काय? लेपाने नस बरी झाली हे आज कोणी मानणार नाही. नसेला धक्का बसून ती नुसती सुन्न झालेली असेल, आतले तंतू तुटलेले नसतील, तर ती काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत स्वतःहून परत येते. पॉसेनियसचे लेपाचेच तीस दिवस झालेले, पडण्यापासून धरलं तर त्याहून जास्त, म्हणजे परत यायची वेळ जवळ आलीच होती. गरम लेपाने मानेचे आखडलेले स्नायू सैल पडले असतील, आराम मिळाला असेल, एवढं म्हणता येईल. गॅलेनच्या मते नसांमधून मेंदूकडून एक सूक्ष्म वायू वाहतो आणि कडक सुजेने तो अडला होता. हा सिद्धांत चूक. पण अडथळा वर आहे आणि परिणाम खाली दिसतोय हा त्यातला सांगाडा बरोबर, आणि निदान त्या सांगाड्यावर उभं आहे, वायूवर नाही. थिअरी चूक असूनही निदान बरोबर येऊ शकतं, हे मी वर्गात मुद्दाम थांबून सांगते, कारण पोरांना वाटतं जुन्या डॉक्टरांचं एकतर सगळं खरं नाहीतर सगळं थोतांड.

आणि अर्थात ही गोष्ट आपल्याला गॅलेनकडूनच कळते. आधीचा डॉक्टर काय म्हणाला असता, पॉसेनियसने स्वतः ही गोष्ट कशी सांगितली असती, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावाने जपलेल्या जुन्या केस नोंदी वाचल्या की हा फरक जाणवतो. तिथल्या साथींच्या नोंदींच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून ४२ पेशंटांच्या तपशीलवार केसेस आहेत, दिवसागणिक ताप, लघवी, झोप, बडबड, आणि त्यातले २५ पेशंट मेले हे सरळ लिहिलंय. लिहिणारा स्वतःचं कौतुक कुठेच करत नाही. गॅलेनच्या केसेसमध्ये गॅलेन जवळजवळ नेहमी जिंकतो. म्हणून "तीच औषधं पाठीला लावली आणि लगेच गुण" हा भाग मी जरा हात राखून घेते, पण शरीररचनेचा भाग हात राखून घ्यायची गरज पडत नाही, कारण तो आजही आपल्याच हातावर ताडून बघता येतो.

हे लिखाण आपल्यापर्यंत पोचलं हेही कमी नाही. १९२ मध्ये रोममध्ये मोठी आग लागली आणि गॅलेनने गोदामात ठेवलेली पुस्तकं, औषधं, उपकरणं जळून गेली, कितीतरी लिखाण कायमचं गेलं. वर सांगितलेलं मज्जारज्जू कापण्याचं सविस्तर वर्णन ज्या ग्रंथात आहे त्याचा तो भाग तर ग्रीकमध्ये उरलाच नाही, नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकच्या मंडळींनी अरबीत उतरवला होता म्हणून वाचला. त्याच वाटेने गॅलेन पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आला, जालीनूस या नावाने. मालेगाव, भिवंडीत किंवा मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला युनानी दवाखान्याच्या पाट्या दिसतात, त्या परंपरेचे हकीम ज्याला गुरुस्थानी मानतात तो हाच माणूस.

आज पॉसेनियस ओपीडीत आला तर आपण काय करू? मानेचा एमआरआय सांगू, नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का ती तपासणी, करू, पडल्याची हिस्टरी असेल तर आधी मणका तुटलेला किंवा सरकलेला नाही ना ते बघू, तोपर्यंत मानेला झटका देणारं काही करू देणार नाही. पण एमआरआय मानेचा करायचा की कोपराकडे बघायचं हे मशीन सांगत नाही. आणि चाळिशीपुढच्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये मानेत काही ना काही झिजलेलं दिसतंच, लगेच "मणक्यात गॅप आहे, नस दबलीय" असं घरी सांगितलं जातं आणि खरी नस कोपरात अडकलेली असते, मग मानेचा पट्टा लावून पेशंट सहा-सहा महिने फिरतो आणि करंगळी तशीच. पॉसेनियसच्या डॉक्टरांनी वरचं दुखणं खाली शोधलं, आपल्याकडे आता कित्येकदा खालचं दुखणं वर शोधलं जातं.

म्हणून रिपोर्ट उघडायच्या आधी पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, मधल्या बोटाच्या एका कडेला कापूस टेकवायचा, मग दुसऱ्या कडेला, तेच अनामिकेवर, आणि विचारायचं, दोन्हीकडे सारखं लागतंय का. मग हात मनगटाच्या वरपर्यंत बघायचा. मग विचारायचं, कधी पडला होतात का, आणि "नाही" म्हणाले तर विचारायचं, मानेला, खांद्याला, पाठीला, वर्षभरात कधी, गाडीवरून, जिन्यावरून, कुठेही?